महादू गावकराची कबुली

“आता परत सांग. सायब काय इचारतले?”

“गुन्हो कबूल आसा काय.”

“आनि तू काय सांगतलंस?”

महादू गावकराने आधी कोर्टाच्या कौलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सांगतलंय की सायबानू, त्याचा असा झाला, त्या दिवशी मी सकाळी उठलंय...”

“मेल्या, उठलंय नको आनि निजलंय नको! नुसता ‘नाय’ म्हण. येकच शब्द.”

“ता खरा, भाऊ. पण येवढो मोठो माणूस इचारता आनि आपण तोंडार ‘नाय’ म्हणाचा? बरा दिसता ता?”

सकाळपासून ही सहावी खेप होती. शेजारी महादूची बायको यशोदा भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा नवऱ्याकडे.

“नाय म्हणाक जमत नाय, तर गप रव. तोंडच उघडू नको. गप रवाचो हक्क आसता माणसाक.”

“मोठ्या माणसान इचारल्यार गप रवाचा?” हे त्याला ‘नाय’ म्हणण्यापेक्षाही वाईट वाटलं. “ही खंयच्या गावची रीत?”

“अमेरिकेची!” मी ओरडलो, आणि वकिलांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला.

हसणारच. माझं नाव हरिश्चंद्र मसुरकर. बत्तीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टाच्या पडवीत पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहितो. हरिश्चंद्र नावाच्या माणसाने दुसऱ्याच्या थापा शाईने लिहून पोट भरावं, हा विनोद मला बदलून येणाऱ्या प्रत्येक कारकुनाने ऐकवला आहे, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटतं. पण वकील मंडळी मला हरिश्चंद्र म्हणत नाहीत. ती मला ‘अमेरिका’ म्हणतात.

त्याचं असं झालं. आमच्या गावच्या वाचनालयात अमेरिकेच्या वकिलातीकडून एक गुळगुळीत कागदाचं मासिक फुकट येई. इतर लोक त्याची पानं पोरांच्या पुस्तकांना कव्हर घालायला न्यायचे. मी ते वाचत असे. त्यात मोटारी असत, धरणं असत, आणि मधूनच तिकडच्या वरिष्ठ कोर्टाच्या एखाद्या निकालाची हकीगत असे. चोपन्न साली नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की काळ्या पोरांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनेच्या विरुद्ध आहे. ते वाचून मी एका ओळखीच्या मास्तरांना विचारलं, की मग आपल्याकडची काही पोरं अजून शाळेच्या पडवीत का बसतात. मास्तरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे एकसष्ट साली निकाल आला, की पोलीस रीतसर वॉरंटाशिवाय घरात घुसले तर तिथे मिळालेला पुरावा चालायचा नाही. तोही मी वहीत उतरवून घेतला.

आणि त्रेसष्टचा निकाल तर मला पाठ होता. फ्लोरिडा नावाच्या प्रांतातला एक कफल्लक कैदी. चोरीचा आळ. त्याने वकील मागितला, कोर्टाने दिला नाही. त्याने स्वतःच आपला खटला चालवला आणि पाच वर्षांची सजा घेऊन आत गेला. तुरुंगात बसून त्याने रेघी कागदावर पेन्सिलीने, होय, पेन्सिलीने, थेट वरिष्ठ कोर्टाला अर्ज लिहिला. तो अर्ज त्यांनी घेतला! आमच्याकडे समासाला दोन बोटं जागा कमी पडली तर कारकून कागद तोंडावर फेकतो. नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की गरिबाला वकील देणं हे सरकारचं काम आहे. पुन्हा खटला चालला, वकील उभा राहिला आणि तो माणूस सुटला. ही गोष्ट मी आमच्या पडवीत इतक्या वेळा सांगितली की पट्टेवाला बाबलीसुद्धा म्हणायचा, “भाऊ, तो पेन्सिलवालो अजून आत गेलो नाय मा?”

आणि आता सहासष्टच्या जूनचा हा ताजा निकाल. नवांपैकी पाचांचं मत. आरोपीला प्रश्न विचारण्याआधी पोलिसांनी त्याला बजावलं पाहिजे, की तू गप्प राहू शकतोस, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, आणि तुला वकील मिळेल. हा निकाल वाचून मला चार दिवस झोप लागली नव्हती. कोणाला सांगावं तर ऐकणारे हे असे.

महादूची केस म्हणाल तर चार ओळींची. तो सुरंगवाडीचा, धामापूरच्या पुढचं गाव. दोन कुणग्यांची भातशेती आणि थोडी काजूची झाडं. रस्त्याच्या कडेला त्याच्या गवताची उडवी होती. दारूबंदीच्या पोलिसांनी तीत हात घातला आणि दोन बाटल्या बाहेर काढल्या. कोणीतरी पाठलाग चुकवताना त्या तिथे खुपसल्या होत्या, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. महादू दारूला शिवत नव्हता. शिवणं त्याला परवडणारंच नव्हतं, कारण तो गावचा गावकर. देव रवळनाथासमोर सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याच्या बापाचा होता, आज्याचा होता. आजारी पोर असो, आगबोटीवर निघालेला झील, म्हणजे मुलगा, असो, नवी विहीर असो, माणूस नारळ घेऊन देवळात जातो, हात जोडून मुकाट उभा राहतो आणि त्याच्यासाठी देवाशी बोलतो तो महादू.

हे सगळं मला ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी यशोदा एकटीच माझ्याकडे आली तेव्हाही ठाऊक होतं.

“भाऊ,” तिने विचारलं होतं, “हेंच्यासाठी वकील करूक होयो काय?”

सरळ प्रश्न होता. त्याचं सरळ उत्तर होतं. मी काय सांगितलं?

“कित्याक गो वकील? येवढ्याशा केसीक? मी अशी कैफियत लिवन देतंय, सायब वाचून गार होतले.”

ती समाधानाने गेली. मी रात्रंदिवस खपून साडेतीन पानांची कैफियत लिहिली. उडवी रस्त्यापासून किती हातांवर, कुंपण कसं मोडलेलं, पंच कसे पोलिसांच्याच ओळखीचे, सगळं मुद्देसूद. असं लिहिलं की कुठल्याही वकिलाने खाली सही करावी. खरं सांगायचं तर तेच माझ्या मनात होतं. माझे वडील गलबतावर होते. ते समुद्रातून परत आले नाहीत, म्हणून मी इंग्रजी पाचवीतून शाळा सोडली. माझ्याच बाकावर बसणारा गुरुदास नाबर पुढे शिकला, वकील झाला. बत्तीस वर्षं मी पडवीत आणि तो आत. दर वेळी कोणी मला विचारलं की वकील लागेल का, तर मी आधी माझी पेटी पुढे ओढतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

बाबलीने पुकारा केला. “महादू गणू गावकर हाजिर है!”

मी महादूच्या हातात कैफियत कोंबली. “आधी ‘नाय’ म्हण, मगे हो कागद दी. आधी नाय. मगे कागद.”

“व्हय, व्हय,” म्हणत तो आत गेला. यशोदा आणि मी दाराशी उभे राहिलो.

साहेब नवे होते, घाटावरून दिवाळीच्या आधीच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मी कोणालाही सांगेन. शांत आवाजात, स्वच्छ पुस्तकी मराठीत त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

महादूने मान वर केली. उंच चौथऱ्यावरची खुर्ची, समोरचा लाकडी कठडा, दोन्ही बाजूंना चिडीचूप बसलेली माणसं, आणि वर बसलेल्याचं उत्तराकडे लागलेलं तोंड. त्याला आयुष्यात अशी एकच जागा ठाऊक होती. त्याने कैफियतीचा कागद काखेत मारला. पायातल्या वहाणा काढून मागे सारल्या. हात जोडले आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!” त्याचा देवळातला खणखणीत आवाज कोर्टाच्या आढ्याला लागला. “आज तुज्या पायाकडे जा ह्या लेकरू उभा रवला आसा, तेच्या हातसून, तेच्या वाडवडलांच्या हातसून काय चुकला माकला आसात, काय कमी-जास्ती झाला आसात, ता सगळा पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दारात उभा असलेला बाबली सवयीने गरजला आणि स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

कोर्टात खसखस पिकली. साहेबांनी मेजावर पेन आपटलं. “हा काय तमाशा आहे? काय म्हणतोय तो?”

खाली बसलेला कारकून कोल्हापूरकडचा. त्याने जेवढं कळलं तेवढं इमानाने सांगितलं. “चूक झाली म्हणतोय साहेब. पदरात घ्या म्हणतोय.”

शब्दाला शब्द बरोबर होता. कारकुनाने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं आणि महादूनेही नव्हतं. आमच्या गाऱ्हाण्याची सुरुवातच तशी असते. ज्याच्यासाठी बोलायचं त्याची, त्याच्या बापजाद्यांची, माहीत असलेली-नसलेली सगळी चूक आधी मान्य करायची, मग मागणं मागायचं. महादूचं मागणं अजून यायचंच होतं. पण मागण्यापर्यंत थांबतो कोण?

“साहेब!” मी दारातून ओरडलो. “तो कबुली देत नाही, गाऱ्हाणं घालतोय! ती रीत आहे आमच्याकडची! त्याच्या काखेत कैफियत आहे, ती वाचा!”

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आपण वकील आहात?”

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी इतक्या सभ्यपणे विचारला नव्हता.

“नाही साहेब.”

“मग बाहेर थांबा.”

मी बाहेर थांबलो. आत साहेबांनी महादूला पुन्हा विचारलं, “म्हणजे चूक तुम्हाला मान्य आहे?” महादूला वाटलं, गाऱ्हाणं देवाच्या कानी गेलं. तो म्हणाला, “व्हय म्हाराजा, माका सगळा मान्य आसा. तुमी करशात ता खरा.” साहेबांनी लिहून घेतलं. कबुली दिली, पहिलाच गुन्हा, म्हणून कायद्यातली कमीत कमी शिक्षा. तीन महिने.

पोलीस त्याला नेत होता तेव्हा तो माझ्याजवळ थांबला. काखेतला कागद काढून, सरळ करून त्याने माझ्या हातात दिला. “भाऊ, ह्या देवक जमला नाय. पण सायब देवमाणूस हा. किती शांतपणी आयकल्यानी.”

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

यशोदा रडली नाही. तिने फडक्यातल्या भाकऱ्या पोलिसाच्या परवानगीने नवऱ्याच्या हातात दिल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, “वकील आसतो तर बोलाक गावला आसता?”

मी पेटी आवरायला लागलो.

गुरुदास नाबर त्या संध्याकाळी माझ्या घरी आला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यातच उभा राहून त्याने तोंड सोडलं. “हरिश्चंद्रा, अरे मी भायल्याच खोलयेत पेपर वाचत बसललंय. हाक मारतलंस तर काय तुजी जीभ झडतली होती?”

“तू फी घेतस.”

“त्या गावकाराकडसून? माज्या पोरग्याक ताप इललो तेव्हा माज्या बायलेसाठी गाऱ्हाणा कोणी घातल्यान? महादून. मी नुसतो उभो रवलंय असतंय रे. ‘सायब, आरोपीक गुन्हो कबूल नाय.’ येवढाच. इतक्याक कायदोय लागणा नाय.” तो जायला वळला आणि पुन्हा मागे फिरला. “रोज सकाळी आमका अमेरिका शिकवतस. पेन्सिलवाल्याक वकील गावलो म्हणान नाचतस. आनि तुज्या पेटयेकडे बाई येवन इचारता, तर तिका काय सांगतस?”

मी काही बोललो नाही. गप्प राहायचा हक्क, दुसरं काय!

महादूला सावंतवाडीच्या तुरुंगात ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी यशोदेला घेऊन मी एसटीने गेलो. बरोबर कागद नेला होता. तुरुंगातून कैद्याला अपील करता येतं, ते तुरुंगाधिकारी पुढे पाठवतो, हे आमच्याही कायद्यात आहे. मी मजकूर तयार करून नेला होता, त्यावर महादूचा अंगठा हवा होता.

महादू बारीक झाला होता. जेवणाची तक्रार नव्हती, कामाची नव्हती. एकच घोर. “शिमग्याक मी भायर आसान मा, भाऊ? शिमग्याच्या गाऱ्हाण्याक कोण उभो रवतलो? बाळाक येवचा नाय.” बाळा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. “आनि मानकरी काय म्हणतत? जेलातला जेवलेलो माणूस देवाक चलता?”

“आधी हो अंगठो दी. ह्यात लिवलंय, की तू कबुली दिलंस नाय.”

“पण मी बोललंय ता बोललंय. चुकला माकला म्हटलंय. देवाच्या म्होरे काढलेलो शबूद परत कसो घेवचो?”

“तो देव नव्हतो रे, मॅजिस्ट्रेट होतो!”

“तुमका म्हायत,” तो म्हणाला आणि अंगठा उठवला. पालथ्या घड्यावर पाणी.

परतीच्या एसटीत यशोदा खिडकीला डोकं टेकून झोपली. कुडाळ गेलं आणि मला एकदम काहीतरी दिसलं, ते इतकी वर्षं नाकासमोर असून दिसलं नव्हतं. आमच्या मुलखात कुठल्याही देवळात माणूस स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालत नाही. कितीही गरीब असो, एखादी वेडी बाई असो, देवासमोर तिच्यासाठी बोलायला दुसरा माणूस उभा राहतोच, आणि त्याचं मोल एक नारळ. नऊ न्यायाधीशांनी त्रेसष्ट साली जे शोधून काढलं ते सुरंगवाडीत महादूचा पणजा करत होता. आणि अख्ख्या गावासाठी बोलणारा हा माणूस कोर्टात उभा राहिला तेव्हा त्याच्यासाठी बोलायला कोणी नव्हतं. म्हणून बिचाऱ्याने स्वतःलाच ‘ह्या लेकरू’ म्हटलं आणि स्वतःचीच वकिली केली, येत होती तशी. मला अमेरिकेची इतकी घाई होती की मी मधली तेरा मैलांवरची सुरंगवाडी बघितलीच नाही. एसटीत शेजारी माणूस होता म्हणून, नाहीतर मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती.

अपिलाचा निकाल जानेवारीत आला. एक टंकलिखित ओळ. शिक्षा कबुलीवरून झालेली असल्याने आणि ती कायद्यात बसत असल्याने हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही. नाबराने तो कागद वाचला आणि मला परत दिला.

फेब्रुवारीत महादू सुटला आणि शिमग्यात यशोदेचा निरोप आला, की मानकरी देवाला कौल लावणार आहेत, तुम्ही या. मी सकाळच्या गाडीने गेलो. देवळात सगळा गाव जमला होता. महादू अंगणात, पायरीच्या खाली, नव्या पंच्यात उभा होता. गुरवाने पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना लावल्या आणि विचारलं, की हा तुझा गावकर सरकारच्या तुरुंगात जाऊन आला आहे, त्याने पुन्हा तुझ्यासमोर उभं राहायचं असेल तर उजवी दे, नाहीतर डावी दे. मी देवधर्मातला माणूस नव्हे, पण त्या पाकळीकडे मी साहेबाच्या निकालाकडे बघतात तसा बघत होतो.

उजवी पडली.

यशोदेने पदर डोळ्यांना लावला. म्हातारे मानकरी सरकले, वाट झाली. महादू पायऱ्या चढून आत गेला. सासऱ्याच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या जावयासारखा तो अवघडला होता. मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी माणसाचा मी हात दाबला. कसलं अपील आणि कसलं काय! वरचं कोर्ट शेवटी वरचंच.

पहिलं गाऱ्हाणं राधाबाईचं होतं. तिचा झील मुंबईला जाऊन बोटीवर चढणार होता. म्हातारी नारळ महादूच्या हातात देऊन, हात जोडून मुकाट उभी राहिली.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

तोच आवाज. आढ्यावरचे पारवे उडाले.

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

“आज ही राधाबाय तुज्या पायाकडे इली आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तिच्या हातसून, तिच्या वाडवडलांच्या हातसून काय...”

तो थांबला.

लोकांना वाटलं, दम घेतोय. मलाही तसंच वाटलं. महादूने पुन्हा सुरुवात केली, “तिच्या हातसून काय...” आणि पुन्हा तिथेच अडला. त्याचे डोळे उघडले. त्याने देवाकडे पाहिलं नाही. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, खाली, जिथे कोर्टात कारकून बसतो तिथे पाहिलं. तिथे देवळात समई होती, दुसरं काही नव्हतं. म्हातारी राधाबाई हात जोडून वाट बघत होती. बाहेर ढोलवाला खोकला.

“चुकला माकला,” मागून कोणीतरी हळूच सुचवलं. त्याला काय आठवत नव्हतं का!

महादूने मान हलवली. त्याने नारळ दोन्ही हातांनी बाळाकडे दिला आणि बाजूला सरकला. बाळा गांगरला, त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं, मग चाचरत, शब्द पुढे-मागे करत, कसंतरी गाऱ्हाणं पुरं केलं. गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. राधाबाईच्या झिलाची बोट निघायला तेवढं पुरे होतं.

सगळं आटपल्यावर मी त्याला खांबाशी गाठलं. मला राग आवरत नव्हता, कोणाचा ते मात्र कळत नव्हतं. “अरे, देवान उजवी दिल्यान! आता काय झाला तुका?”

“काय नाय, भाऊ.” तो माझ्यावर अजिबात रागावलेला नव्हता. “तोंडात इला होता. मगे मनात इला, ही म्हातारी हात जोडून माज्यार इस्वासान उभी आसा. आनि मी म्हणतलंय, हिच्या हातसून चुकला. खंय तरी कोणी ता लिवन घेतल्यान तर?”

“हय कोण लिवन घेता? हय देव आसा!”

“थंय पण माका तसाच वाटलला,” महादू म्हणाला.

गुरव प्रसाद वाटायला लागला होता. पहिला प्रसाद गावकराचा असतो, म्हणून त्याने हात पुढे करून इकडे तिकडे पाहिलं. महादू पायऱ्या उतरून खाली गेला होता आणि बायकापोरांच्या मागे, रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला होता. गुरवाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग प्रसाद बाळाच्या हातावर ठेवला.